कॅल्हून कोणाचा कैवारी होता?

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन शहरातल्या मॅरियन स्क्वेअरमध्ये शंभर फुटांहून उंच खांबावर १८९६पासून उभा असलेला, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा उपाध्यक्ष आणि सिनेटर जॉन सी. कॅल्हून याचा पुतळा २४ जून २०२० रोजी खाली उतरवला गेला. आदल्याच दिवशी नगर परिषदेने तसा ठराव एकमताने केला होता. त्याआधी २०१७मध्ये येल विद्यापीठाने आपल्या एका निवासी कॉलेजवरून त्याचे नाव काढून गणितज्ञ आणि नौदल अधिकारी ग्रेस हॉपर यांचे नाव दिले. मिनियापोलिसमधल्या तळ्याचे नावही बदलून तिथे डकोटा लोकांचे जुने नाव परत आले. एवढे होऊनही वाद मिटलेला नाही, आणि तो मिटेल असे वाटतही नाही, कारण तो सुरुवातीपासून चुकीच्या मुद्द्यांवर घातला जातो आहे. एक बाजू म्हणते, तो गुलामांचा मालक होता, विषय संपला. दुसरी म्हणते, तो त्याच्या काळाचा माणूस होता, त्याला आजची फूटपट्टी लावू नका. जरा अभ्यासू म्हणवणारी तिसरी बाजू म्हणते, गुलामगिरीचे क्षणभर बाजूला ठेवा. पण बहुमताच्या दांडगाईपासून अल्पसंख्याकांना कसे वाचवायचे, यावर अमेरिकेत याच्याइतका खोल विचार कोणी केला?

मला या तिन्ही बाजू पटत नाहीत. कॅल्हूनचे नाव सन्मानाच्या जागांवरून जायलाच हवे होते, पण तो गुलामांचा मालक होता हे त्याचे कारण होऊ शकत नाही. मालक वॉशिंग्टनही होता, जेफरसन होता, अँड्र्यू जॅक्सन होता, हेन्री क्ले होता. तेवढ्याच निकषावर हिशोब करायचा तर अमेरिकेच्या राजधानीलाच नवे नाव शोधावे लागेल, आणि समोरचा माणूस नेमके हेच उत्तर तोंडावर मारतो. कॅल्हूनने जे केले ते यांच्यापैकी कोणी केले नव्हते. आधीची पिढी ज्याला निदान तोंडाने तरी पाप म्हणत होती, त्याला त्याने पुण्य ठरवले आणि त्या पुण्याभोवती तटबंदी म्हणून अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा सिद्धान्त रचला. तटबंदीचे कौतुक करताना ती कशासाठी बांधली हे विचारायचेच नाही, ही कुठली रीत?

माणूस असामान्य होता, हे आधीच कबूल केलेले बरे. साउथ कॅरोलायनाच्या डोंगराकडच्या भागात, स्कॉट-आयरिश कुटुंबात १७८२ साली त्याचा जन्म झाला. १८०४मध्ये तो येलमधून पदवी घेऊन बाहेर पडला, मग कनेक्टिकटमध्येच लिचफील्डला कायदा शिकला. १८११मध्ये प्रतिनिधिगृहात गेला आणि ब्रिटनशी युद्ध पुकारा म्हणणाऱ्या तरुण खासदारांत क्लेच्या बरोबरीने पुढे आला. युद्ध संपल्यावर हाच कॅल्हून आयात शुल्काच्या बाजूने बोलला, राष्ट्रीय बँकेच्या बाजूने बोलला, रस्ते आणि कालव्यांनी सारा देश बांधून काढा म्हणाला. त्यासाठी त्याने मंजूर करून घेतलेले विधेयक १८१७मध्ये अध्यक्ष मॅडिसनने नकाराधिकार वापरून परत पाठवले. पस्तिसाव्या वर्षी तो युद्धमंत्री झाला आणि त्या अस्ताव्यस्त खात्याला त्याने शिस्त लावली. पुढे त्याचा कट्टर विरोधक झालेल्या जॉन क्विन्सी अॅडम्सने १८२१मध्ये आपल्या डायरीत लिहून ठेवले आहे की प्रांतिक आणि गटबाजीच्या पूर्वग्रहांपासून याच्याइतका मुक्त नेता आपण पाहिलेला नाही. अॅडम्सचा स्वभाव पाहता हे प्रशस्तिपत्रक फार मोठे. डायरीत त्याने भल्याभल्यांना सोडलेले नाही.

१८२५मध्ये कॅल्हून उपाध्यक्ष झाला, आधी याच अॅडम्सच्या हाताखाली आणि नंतर अॅडम्सला हरवणाऱ्या जॅक्सनच्या. दोन वेगवेगळ्या अध्यक्षांचा उपाध्यक्ष होणे त्याच्याखेरीज फक्त जॉर्ज क्लिंटनला जमले. सिनेटमध्ये समसमान मते पडली की उपाध्यक्षाचे मत निर्णायक ठरते. कॅल्हूनने ते ३१ वेळा दिले आणि हा उच्चांक जवळजवळ दोनशे वर्षे टिकला. तो डिसेंबर २०२३मध्ये मोडला कमला हॅरिस यांनी. वडील जमैकाचे, आई चेन्नईची. आपले सरकार हे गोऱ्या वंशाचे सरकार आहे, असे सिनेटमध्ये उभे राहून सांगणाऱ्या माणसाचा हा विक्रम कोणाच्या हातून जावा!

मग देशभर कालवे खणू पाहणारा हा राष्ट्रवादी आपल्या राज्याच्या कुंपणाआड जाऊन का बसला? शाळेच्या पुस्तकातले उत्तर म्हणजे आयात शुल्क. १८२८च्या कायद्याने शुल्क इतके चढले की दक्षिणेत त्याला 'किळसवाणे शुल्क' म्हणू लागले. उत्तरेच्या कारखान्यांना संरक्षण मिळाले, पण परदेशात कापूस विकून परदेशी माल घेणाऱ्या दक्षिणेला तो भुर्दंड झाला. तक्रारीत तथ्य होते, हे मी मानतो. त्याच वर्षी, उपाध्यक्षपदावर असताना, कॅल्हूनने निनावी राहून आपल्या राज्यासाठी एक निवेदन लिहिले: संघराज्याचा कायदा घटनाबाह्य वाटला तर राज्याला तो आपल्या हद्दीत निरस्त ठरवता येतो. १३ एप्रिल १८३०च्या मेजवानीत जॅक्सनने त्याच्याकडे रोखून पाहत संघराज्य टिकलेच पाहिजे असा प्याला उचलला. संघराज्य प्रियच, पण स्वातंत्र्याच्या खालोखाल, असे उत्तर कॅल्हूनने दिले. नोव्हेंबर १८३२मध्ये साउथ कॅरोलायनाने शुल्काचे कायदे निरस्त जाहीर केले, आणि २८ डिसेंबरला कॅल्हूनने उपाध्यक्षपद सोडून सिनेटची खुर्ची धरली. राजीनामा देणारा तो पहिला उपाध्यक्ष. जॅक्सनने लष्कर वापरण्याचा अधिकार संसदेकडून मिळवला, क्लेने शुल्क हळूहळू उतरवण्याची तडजोड घडवली आणि प्रसंग टळला.

पण ही लढाई शुल्काची होती असे खुद्द कॅल्हूनला वाटत होते का? सप्टेंबर १८३०मध्ये व्हर्जिल मॅक्सी या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की शुल्क हे केवळ निमित्त आहे, खरे कारण दुसरेच. दक्षिणेकडच्या राज्यांची जी 'खास घरगुती संस्था' आहे तिच्यामुळे कर आणि खर्चाच्या बाबतीत दक्षिण ही बहुमताच्या विरुद्ध बाजूला जाऊन पडली आहे, आणि राज्यांच्या राखीव अधिकारांत संरक्षण मिळाले नाही तर तिला शेवटी बंड तरी करावे लागेल किंवा सर्वनाश तरी पत्करावा लागेल. ही 'घरगुती संस्था' म्हणजे गुलामगिरी. हे पत्र एखाद्या टीकाकाराने लावलेला अर्थ नाही, कर्त्याचाच जबाब आहे. 'गुलामगिरी बाजूला ठेवा' म्हणणाऱ्यांनी आधी कॅल्हूनची समजूत घालावी. त्याने स्वतः ती कधी बाजूला ठेवली नाही.

आता 'काळाचा माणूस' हा मुद्दा. याला वजन आहे. साउथ कॅरोलायनाच्या मळ्यांत वाढलेल्या, बापाच्या घरी गुलाम पाहिलेल्या माणसाने एके दिवशी उठून न्यूयॉर्कच्या सुधारकासारखे बोलावे, ही अपेक्षा भाबडी आहे. माणसाची नैतिक दृष्टी त्याच्या अन्नदात्या व्यवस्थेपलीकडे सहसा जात नाही. पण काळाच्या मर्यादेत राहणे आणि काळाला मागे ओढणे, यात फरक आहे की नाही? ६ फेब्रुवारी १८३७ रोजी कॅल्हूनने सिनेटमध्ये सांगितले की दोन वंश एकत्र राहतात तिथे गुलामगिरी ही वाईट गोष्ट नसून भलीच गोष्ट आहे. त्याच चर्चेत व्हर्जिनियाचा सिनेटर विल्यम रिव्हज याने हे मान्य करायला नकार दिला. तोही दक्षिणेचा, तोही मालक. गुलामांवरचा हक्क सोडायला तो तयार नव्हता, पण गुलामगिरीला भली म्हणायलाही तयार नव्हता. म्हणजे काळाचा माणूस शोधायचाच असेल तर तो रिव्हज आहे. कॅल्हूनने त्या काळाची वेस ओलांडली, मागच्या बाजूने.

शिवाय 'काळ' म्हणजे कोणाचा काळ? सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या बहिणी चार्ल्सटनच्याच, गुलाम बाळगणाऱ्या न्यायाधीशाच्या मुली. घर आणि गाव सोडून त्या गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिल्या; १८३८मध्ये अँजेलिनाने मॅसॅच्युसेट्स विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष दिली. व्हर्जिनियाच्या विधिमंडळात १८३१-३२च्या हिवाळ्यात टप्प्याटप्प्याने गुलाम मुक्त करण्यावर उघड चर्चा झाली. ब्रिटनने १८३३मध्ये आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा केला. आणि ज्या शहरात पुढे कॅल्हूनचा पुतळा उभा राहिला तिथेच १८२२मध्ये डेन्मार्क व्हीसीवर बंडाच्या कटाचा आरोप ठेवून त्याच्यासह ३५ कृष्णवर्णीयांना फाशी दिले होते. हे सगळे त्याच काळाचे नव्हते? काळाची साक्ष काढताना नेमकी मालकांचीच साक्ष का काढायची?

इथे मराठी वाचकाला एक तारीख आठवावी. १८४८च्या उन्हाळ्यात, ओरेगॉनच्या विधेयकावर बोलताना, सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असतात हे विधान राजकारणातल्या चुकांपैकी सर्वांत खोटी आणि धोकादायक चूक आहे, असे कॅल्हून सिनेटला सांगत होता. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई मुलींची शाळा उघडत होते. एकाला येलचे शिक्षण आणि सत्तेची चाळीस वर्षे मिळाली होती, दुसऱ्यांना अंगावर शेण झेलावे लागत होते. १८७३मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध करताना महात्मा फुल्यांनी ते पुस्तक अर्पण केले अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांची मुक्तता केली म्हणून. पुण्यात बसून त्यांना जे दिसले ते कॅल्हूनला दिसत नव्हते असे मानायला मी तयार नाही. त्याला दिसत होते, आणि म्हणूनच तो इतक्या हुशारीने त्याच्याविरुद्ध युक्तिवाद बांधत होता.

आता तिसऱ्या बाजूकडे. तिचा मुद्दा सर्वांत बळकट आहे आणि पुतळ्याच्या गदारोळात त्याला कोणी नीट उत्तर देत नाही. कॅल्हूनच्या मृत्यूनंतर, १८५१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या राज्यशास्त्रीय प्रबंधाचा गाभा असा: नुसती डोकी मोजून ठरणारे बहुमत म्हणजे साऱ्या समाजाचे मत नव्हे. एक्कावन्न लोक एकोणपन्नासांना लुटू लागले तर निवडणूक त्यांना थांबवत नाही, उलट परवाना देते. लेखी घटनाही पुरत नाही, कारण तिचा अर्थ लावणारे बहुमतातलेच असतात. म्हणून समाजातल्या प्रत्येक मोठ्या हितसंबंधाला आपल्यावर परिणाम करणाऱ्या निर्णयाला नकार देण्याचा अधिकार हवा, म्हणजे सगळ्यांना तडजोड शोधणे भाग पडेल. यावर कारभार ठप्प होईल असा आक्षेप येणार, हे त्याने ओळखले होते. त्याचे उत्तर होते ज्यूरी: बारा जणांचे एकमत व्हावे लागते, तरी खटले निकाली निघतातच. एका सदस्याच्या नकारानेही ठराव अडवणाऱ्या पोलंडच्या जुन्या संसदेचा आणि उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय जमातींच्या महासंघाचाही दाखला त्याने दिला. पोलंडचा दाखला देताना त्या राज्याचे पुढे काय झाले हे तो जरा घाईने ओलांडतो, असे मला वाटते. पण तो वेगळा विषय.

हे वाचून चटकन मान डोलते, विशेषतः जो स्वतः कुठल्या ना कुठल्या अर्थाने अल्पसंख्य आहे त्याची. आणि याच धर्तीच्या व्यवस्था आज चालतातही. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८च्या करारानंतर काही निर्णयांना दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचा पाठिंबा लागतो. बेल्जियममध्ये ठरावीक कायद्यांसाठी डच आणि फ्रेंच, दोन्ही भाषागटांत बहुमत लागते. तेव्हा कॅल्हूनचा सिद्धान्त म्हणजे निव्वळ थाप होती असे म्हणून भागणार नाही. कल्पना हुशारीची आहे. प्रश्न एवढाच, की नकाराधिकार कोणाला?

इथे आकडे बोलतात. कॅल्हून वारला त्या वर्षीची, म्हणजे १८५०ची जनगणना घ्या. साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या ६,६८,५०७. त्यांपैकी गुलाम ३,८४,९८४. शेकडा सत्तावन्नाहून जास्त. १८३०मध्ये, निरस्तीकरणाचा वाद पेटला तेव्हाही, ५,८१,१८५ पैकी ३,१५,४०१ गुलाम होते. म्हणजे साउथ कॅरोलायना हे अल्पसंख्य राज्य आहे आणि त्याला बहुमतापासून वाचवा असे जो म्हणत होता, तो स्वतःच्या राज्यात बहुसंख्य लोकांवर अल्पसंख्येने चालवलेल्या राज्याचा प्रतिनिधी होता. सिद्धान्त प्रामाणिक असता तर त्याचा पहिला प्रयोग घरी व्हायला हवा होता. तीन लाखांवर माणसांचे हितसंबंध मालकांच्या हितसंबंधांपेक्षा वेगळे नव्हते? मग त्यांचा नकाराधिकार कुठे? प्रत्येक मोठ्या हितसंबंधाला आवाज हवा म्हणणाऱ्या त्या प्रबंधात या माणसांना हितसंबंधच नाहीत. आणि संसदेत जागा वाटून घेताना मात्र हीच माणसे दक्षिणेच्या बाजूने पाचास तीन या दराने मोजली जात होती.

हा सिद्धान्तातला निसटलेला तपशील आहे, नंतर दुरुस्त करता आला असता, असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, सबंध इमारत त्या तपशिलावरच उभी आहे. अॅडम्सच्या डायरीत मार्च १८२०ची एक नोंद आहे, मिझूरीला गुलामगिरीसह राज्य म्हणून घ्यायचे की नाही हा वाद चालू असतानाची. कॅल्हून त्याला सांगतो की घरकाम आणि हलकी कामे काळ्यांकडे असणे यात गोऱ्यांचा मोठा फायदा आहे. त्यामुळे सगळे गोरे एका पातळीवर राहतात. समता त्यालाही हवी होती, पण वरच्या मजल्यावरची, आणि त्यासाठी खालचा मजला कायम राहणे गरजेचे होते. आपल्याला ही रचना नवी वाटू नये.

२६ जुलै १८३१ रोजी, उपाध्यक्षपदावर असतानाच, कॅल्हूनने आपल्या फोर्ट हिल या मळ्यावरून एक जाहीर निवेदन काढले. अनियंत्रित बहुमताच्या जुलमाविरुद्ध राज्यांना काय आधार आहे, याची ती अतिशय नीटस मांडणी. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी, १ सप्टेंबरला, त्याच घरातून आर्मिस्टेड बर्ट या नातलगाला एक खाजगी पत्र गेले. अॅलेक नावाचा घरगडी पळाला होता, कारण मालकिणीने त्याला फटक्यांची धमकी दिली होती. तो ॲबेव्हिलला सापडला. कॅल्हून लिहितो: त्याला आठवडाभर तुरुंगात ठेवा, फक्त पाव आणि पाणी द्या, आणि शेवटी कोणाकडून तरी माझ्या वतीने तीस फटके चांगले सणसणीत द्यायला लावा. इतरांना अद्दल घडावी म्हणून हे करायला हवे, असा त्याचा हिशोब. अॅलेकने काय केले होते? अन्यायी वाटणारा निर्णय आपल्यापुरता निरस्त ठरवून तो निघून गेला होता. ही दोन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून शिकवली तर कॅल्हूनच्या राज्यशास्त्रावर निराळ्या भाष्याची गरज पडणार नाही.

खाजगी पत्रावरून माणूस तोलणे काहींना अन्यायाचे वाटेल. मग सरकारी पत्र घेऊ. १८४४मध्ये कॅल्हून परराष्ट्रमंत्री होता आणि टेक्सास अमेरिकेत सामील करून घ्यायचा खटाटोप चालू होता. ब्रिटिश दूत पॅकनहॅमला लिहिलेल्या पत्रात त्याने १८४०च्या जनगणनेचा आधार घेऊन सांगितले की उत्तरेतल्या स्वतंत्र काळ्यांमध्ये वेडाचे प्रमाण भयंकर आहे, तर दक्षिणेतले गुलाम त्या मानाने ठणठणीत. म्हणजे गुलामगिरी त्यांच्या भल्याचीच. ती जनगणना सदोष होती. एडवर्ड जार्व्हिस या मॅसॅच्युसेट्सच्या डॉक्टरने तिची चिरफाड केली होती. ज्या गावांत एकही काळा माणूस राहत नव्हता तिथेही वेडे काळे नोंदले गेले होते. वूस्टरमध्ये १३३ काळे वेडे दाखवले होते. ते होते तिथल्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळातले गोरे रोगी. अॅडम्सने चौकशीची मागणी लावून धरली. जनगणनेची जबाबदारी ज्या खात्याकडे होती त्याचा मंत्री म्हणजे कॅल्हूनच, आणि त्याची भूमिका अशी, की चुका इकडेही आहेत आणि तिकडेही, त्या एकमेकींना फेडून टाकतात. अमेरिकेतला सर्वांत काटेकोर तार्किक म्हणून ज्याची ख्याती, तो हे बोलतो. तर्क तिथे थकला असे मी म्हणणार नाही. तर्काला जिथे जायला सांगितले होते तिथे तो पोहोचला होता.

त्याचे चाहते मेक्सिकोचे उदाहरण हमखास काढतात. १८४६मध्ये युद्धाचा ठराव आला तेव्हा कॅल्हून मतदानापासून दूर राहिला, पुढे सबंध मेक्सिको गिळण्याला त्याने विरोध केला, आणि या विजयातून घरचे भांडण पेटेल हा त्याचा इशारा शब्दशः खरा ठरला. दूरदृष्टी होती, वादच नाही. पण ४ जानेवारी १८४८चे भाषण पूर्ण वाचा. परक्यांचा मुलूख बळकावणे अन्याय आहे म्हणून तो विरोध करत नाही. इतक्या मिश्र वंशाच्या आणि मूळ रहिवासी (रेड इंडियन) लोकांना संघराज्यात घ्यायचे कसे, ही त्याची अडचण आहे. आपले सरकार गोऱ्या वंशाचे, हे वाक्य त्याच भाषणातले. जॅक्सनच्या मनमानीला त्याने केलेला विरोध खरा होता, युद्धखात्यातले काम खरे होते. १९५७मध्ये सिनेटच्या समितीने, जॉन केनेडी तिचा अध्यक्ष असताना, इतिहासातल्या पाच थोर सिनेटरांत त्याला बसवले, तेही या गुणांमुळेच. मात्र ज्या काळात ही निवड झाली, त्या काळात साउथ कॅरोलायनातल्या बहुतेक काळ्यांना मतदानाच्या खोलीपर्यंतही पोहोचू दिले जात नव्हते, हेही त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवायला हवे.

मग अल्पसंख्याकांचे संरक्षण ही कल्पनाच सोडून द्यायची का? अजिबात नाही, आणि इथेच कॅल्हूनविरोधकांचा उत्साह मला धोक्याचा वाटतो. त्याने हा प्रश्न उचलला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. बहुमत दांडगाई करते. आपल्या संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाला विरोध करणाऱ्यांना खडसावले होते, आणि त्याच भाषणात, खेड्याला बाजूला सारून व्यक्तीला घटनेचे एकक मानले याचा आपल्याला आनंद आहे, असेही ते म्हणाले होते. या दोन गोष्टी एकाच भाषणात येणे योगायोग नव्हे. संरक्षण गटाला द्यावे लागते, पण त्या गटाच्या आत दबलेल्या माणसाला दार उघडे राहील अशा बेताने. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक काय आणि प्रोटेस्टंट काय, मत प्रत्येकाला आहे. नकाराधिकार त्या मताधिकाराच्या वर रचलेला आहे. कॅल्हूनचे एकक राज्य. राज्याच्या आत कोण कोणाच्या छातीवर बसला आहे हे पाहायचे नाही, बाहेरच्यानेही पाहायचे नाही.

राहिला पुतळा. इतिहास पुसला जातो आहे, ही ओरड मला सर्वांत कमी समजते. पहिला पुतळा उभा राहिला १८८७मध्ये, त्याच्या जागी दुसरा, आणखी उंच, १८९६मध्ये. कॅल्हून जाऊन चार दशके उलटल्यावर. १८९५मध्ये साउथ कॅरोलायनाने नवी घटना करून काळ्यांचा मताधिकार जवळपास संपवला होता. तेव्हा त्या खांबावर उभा होता तो १८९६चा विजय. खालून जाणाऱ्यांना तो निरोप नेमका कळत होता. चार्ल्सटनच्या एका कृष्णवर्णीय शिक्षिकेने आठवण सांगितली आहे की त्या लहान असताना मुले येताजाता पहिल्या पुतळ्यावर दगड भिरकावत, म्हणूनच पुढचा इतका उंच बांधला असे लोक म्हणत. उंचीचे कारण खरेच तेच होते का, यावर इतिहासकार शंका घेतात. मुलांच्या भावनेवर कोणी घेत नाही. त्याच चौकाच्या कडेने कॅल्हून स्ट्रीट जातो, आणि १७ जून २०१५ रोजी ज्या इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या वंशद्वेष्ट्या तरुणाने गोळ्या घालून मारले, त्याचा पत्ता याच रस्त्यावरचा. फोर्ट हिलचे घर तसेच आहे. त्या मळ्यावर उभ्या राहिलेल्या क्लेमसन विद्यापीठाच्या आवारात ते आजही पाहता येते. कॅल्हूनची भाषणे, पत्रे, प्रबंध सगळे छापलेले आहे. ज्याला तो वाचायचा आहे त्याच्यापासून कोणी काहीही हिरावून घेतलेले नाही, उलट मी तर म्हणतो जास्त वाचा.

आणि वाचताना तो मेल्यानंतरची दहा वर्षेही वाचा, कारण राज्यांच्या हक्कांची खरी परीक्षा तेव्हा झाली. १८५०च्या कायद्याने पळून आलेले गुलाम पकडून परत पाठवण्याची सक्ती उत्तरेवर आली. १८५४मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५९मध्ये तो निकाल एकमताने फिरवला, तेव्हा विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने ठराव करून ठणकावले की घटनेचा भंग झाला की नाही हे ठरवण्याचा हक्क राज्यांना आहे. कॅल्हूनने १८२८मध्ये लिहिले ते जवळजवळ जसेच्या तसे. त्याच्या शिष्यांनी विस्कॉन्सिनचे अभिनंदन करायला हवे होते. डिसेंबर १८६०मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडली तेव्हा तिने कारणांचा जाहीरनामा काढला. उत्तरेकडच्या काही राज्यांनी संसदेचे कायदे निरस्त करणारे किंवा निरुपयोगी ठरवणारे कायदे केले, हे त्यातले एक मुख्य गाऱ्हाणे आहे. राज्यांची नावे देऊन यादी दिली आहे, आणि त्या यादीत विस्कॉन्सिन आहे.